देवदिवाळी ते नाताळ: बचत गटाने आपला माल कुठे, कधी आणि कसा विकावा

सिंधुदुर्गात भात झोडून झालं की गावोगावच्या जत्रा सुरू होतात, आणि त्याच दिवसांत सीमेपलीकडे गोव्यात नाताळची खरेदी चालू होते. बांद्याहून पत्रादेवीचा नाका ओलांडला की म्हापसा तासाभरावर. आमच्या डोंगरपट्ट्यातल्या गटांना वर्षभरात एवढं गिऱ्हाईक दुसऱ्या कुठल्याही महिन्यात मिळत नाही. तरीही बहुतेक गटांत काय होतं? दिवाळी संपली की सगळ्याजणी मिळून लाडू-चकल्या करतात, पिशव्या भरतात आणि मग त्या कुठे विकायच्या याची शोधाशोध सुरू होते. हा क्रम उलटा करा. आधी दिवस ठरवा, मग त्या दिवशी कोण येणार ते बघा, मग जागा मिळवा आणि माल सगळ्यात शेवटी करा.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. जत्रेत तयार खाऊ खपतो. नाताळच्या बाजारात कच्चा माल खपतो. जत्रेतला माणूस उभ्याउभ्या खाणारा किंवा घरच्यांसाठी पुडा नेणारा असतो. नाताळच्या आधी म्हापशाला येणारी गोव्यातली बाई मात्र दोदोल, नेवऱ्या, कुलकुलं, दोस हे नाताळचं गोडधोड सगळं एकतर स्वतः करते किंवा वर्षानुवर्षांच्या ठरलेल्या बाईकडून घेते. तिला आपले लाडू नको असतात. तिला नारळ हवे असतात, तांदळाचं पीठ हवं असतं, काजू हवे असतात. हे ज्या गटाला उमगलं त्याचा टेम्पो परत येताना रिकामा असतो.

आधी तारखांचा कागद

जत्रा तिथीने चालतात, नाताळ तारखेने. त्यामुळे दोन्हींमधलं अंतर दर वर्षी बदलतं आणि मागच्या वर्षीची वही जशीच्या तशी उपयोगी पडत नाही. २०२५ मध्ये त्रिपुरी पौर्णिमा ५ नोव्हेंबरला होती, म्हणजे जत्रा लवकर सुरू झाल्या आणि नाताळपर्यंत श्वास घ्यायला वेळ मिळाला. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे त्रिपुरी पौर्णिमा २४ नोव्हेंबरला आहे, मार्गशीर्ष डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होतो आणि दत्तजयंती २३ डिसेंबरला येते. म्हणजे सगळं एकमेकांच्या अंगावर.

दसऱ्याच्या सुमारास एक मोठा कागद भिंतीला लावा. त्यावर आधी आठवडा बाजार लिहा: सोमवारी बांदा, मंगळवारी सावंतवाडी, बुधवारी कुडाळ, शुक्रवारी म्हापसा. मग जत्रा. सोनुर्लीच्या माऊलीची लोटांगणाची जत्रा त्रिपुरी पौर्णिमेनंतर लगेच असते. मातोंडच्या घोडेमुखाची जत्रा देवदिवाळीच्या सुमारास. माणगावला टेंबेस्वामींच्या जन्मगावी दत्तजयंती. त्याखाली आपल्या आणि आजूबाजूच्या गावांच्या छोट्या जत्रा लिहा. गटाला पैसे देणाऱ्या खरं तर याच असतात. मग गोव्याकडचे दिवस: २४ नोव्हेंबरपासून जुन्या गोव्यात नोव्हेना (सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना), ३ डिसेंबरला सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त (चर्चचा सण), ८ डिसेंबरला पणजीच्या चर्चचं फेस्त.

हे सगळं एका कागदावर आलं की अडचणी आपोआप दिसतात. २०२६ चंच बघा. नाताळ शुक्रवारी आहे, म्हणजे म्हापशाचा बाजाराचा शुक्रवार २५ तारखेवरच पडतो. सणाच्या सकाळी कोण नारळ घ्यायला येणार? तेव्हा नाताळचा खरा शुक्रवार १८ डिसेंबर. त्यानंतर सोमवार २१ ला बांदा, मंगळवार २२ ला सावंतवाडी. बुधवार २३ ला कुडाळचा बाजार आणि माणगावची दत्तजयंती एकाच दिवशी, तिथे गटाला दोन तुकड्या कराव्याच लागतील. गुरुवारी २४ ला मार्गशीर्षातला गुरुवारही आहे आणि नाताळची आदली रात्रही. एकाच दिवशी आपल्याकडे घट मांडायला आणि पलीकडे सणाच्या स्वयंपाकाला नारळ लागणार. हे नोव्हेंबरमध्येच कळलं तर नारळ राखून ठेवता येतात.

जुन्या गोव्याच्या फेस्ताबद्दल माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या वर्षी तिथे दुकान लावू नका. गर्दी अफाट असते, पण लांब आहे, राहायची सोय लागते आणि आपल्यासारख्या छोट्या गटाची तिथे ओढाताण होते. एक दिवस नुसतं बघून या. कोण काय विकतंय, पिशवी कशी बांधतात, भाव कसा सांगतात, एवढं पाहिलंत तरी तो दिवस सार्थकी लागतो.

जत्रेतलं दुकान

पहिली जत्रा आपल्या गावची किंवा गटातल्या कोणाच्या तरी माहेरची धरा. माहेरवाशीण ओटी भरायला येतेच, तिच्या शब्दाला मान असतो. जागा देवस्थानच्या मानकऱ्यांकडे किंवा गावच्या समितीकडे मागायची. फोनवर मागू नका. देवासमोर नारळ ठेवायचा आणि मग विचारायचं. जागेचे पैसे किती, दिव्याचे किती, पाणी कुठलं, हे तिथेच ठरवून वहीत लिहून घ्या. आणि ज्यांची खाज्याची दुकानं वर्षानुवर्षं ठरल्या जागी लागतात, त्यांच्या पुढ्यात खाजं मांडून बसू नका. बेसनाच्या कांड्या तळून गूळ-आल्याच्या पाकात घोळवणं दिसायला सोपं आहे, पण त्यांचा हात बसलेला असतो आणि लोक त्यांच्याकडेच जातात. त्यांच्या शेजारी, त्यांच्याकडे नसलेला माल घेऊन बसलात तर त्यांचंच गिऱ्हाईक पुढे तुमच्याकडे वळतं.

जत्रेची रात्र सारखी नसते, तिचे तुकडे असतात आणि प्रत्येक तुकड्याला वेगळा माल लागतो.

दुपारनंतर ते दिवेलागणीपर्यंत ओटीवाल्या बायका. त्यांना शेंडीचा नारळ, खण, हळद-कुंकू, फुलं, केळी. नारळ सोलताना शेंडी राखा; बिनशेंडीचा नारळ ओटीला कोणी घेत नाही, मग तो कितीही मोठा असो. ओटीचं सगळं सामान एका कागदी पिशवीत घालून ‘ओटी तयार’ म्हणून ठेवलंत तर सासरहून घाईने आलेली लेक थेट तीच उचलते.

काळोख पडल्यावर पोरं आणि त्यांचे आईवडील. सावंतवाडीच्या चितारआळीतून आणलेली लाकडी खेळणी, भोवरे, छोटी फळं-भाज्यांची परडी इथे चालते. पण त्यात पैसे अडकतात, म्हणून थोडीच आणा. शेंगदाण्याची चिक्की, नाचणीचे लाडू, चुरमुऱ्याचे लाडू हे याच वेळी हातोहात जातं.

पालखी फिरून आली की दशावतार. नाटक मध्यरात्रीच्या पुढे रंगतं आणि पहाटेपर्यंत चालतं. थंडी असते, लोक शाल गुंडाळून बसलेले असतात. आता चहा, कांदाभजी आणि गरम उसळ-पाव. कोकम सरबताच्या बाटल्या गाडीतून उतरवूही नका. ते मे महिन्याचं काम. गॅसच्या शेगडीला वाऱ्याच्या बाजूने पत्रा लावा. पदर, ओढणी खोचून घ्या. दोघींपैकी एकीने फक्त तळायचं आणि दुसरीने फक्त पैसे घ्यायचे. तेलाचे हात आणि नोटा एकत्र आल्या की हिशेबही बिघडतो आणि गिऱ्हाईकही नाक मुरडतं.

पहाटे दहीकाला झाला की घरी निघालेली माणसं. जत्रेला न आलेल्यांसाठी काहीतरी न्यायचं असतं, ‘खाजां हाडलंस मां?’ असं विचारणारी म्हातारी घरात वाट बघत असते. खाज्याच्या पुड्याबरोबर आपलाही पाव किलोचा पुडा जावा अशा बेताने पुडे आधीच बांधून ठेवा. मोजत बसायला त्यांना वेळ नसतो. एक काळजी घ्या: डिसेंबरच्या पहाटे दव पडतं आणि उघड्यावरचा पाकातला जिन्नस ओला पडतो. वर ताडपत्री हवी आणि माल झाकणाच्या डब्यात हवा, परातीत नमुन्यापुरताच.

चाकरमानी हे जत्रेतलं निराळं गिऱ्हाईक. मुंबईहून आलेला माणूस लाडू चाखतो, पण गाडीला जाताना न्यायला त्याला कुळथाचं पीठ, मालवणी मसाला, आमसुलं, तिरफळं, उकडे तांदूळ लागतात. त्यासाठी जत्रेच्या रात्री चिठ्ठीवर मागणी लिहून घ्या आणि दुसऱ्या दिवशी माल घरपोच द्या. आगळाची (कोकमाच्या घट्ट रसाची) बाटली देत असाल तर बुचावर चिकटपट्टी लावून वर पिशवी बांधा. गाडीत कोणाच्या कपड्यांवर आगळ सांडलं की पुढच्या वर्षी तो दुकानाजवळ फिरकत नाही.

पैशांचंही ऐका. जत्रेच्या माळावर इतकी माणसं जमली की मोबाइलची रेंज जाते. क्यूआर कोड लावा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. दहा-वीसच्या नोटा आणि नाणी आठवडाभर आधीपासून जमवा.

म्हापशाचा शुक्रवार

इथे उजाडायच्या आत पोचायला हवं. पक्कं गाळ्यांचं मार्केट बारा महिन्यांच्या दुकानदारांचं. आपल्यासारख्या गावाकडच्या बायका शुक्रवारी उघड्या जागेत गोणपाट टाकून बसतात. जागेचा कर वसूल करायला माणूस येतो, त्याला तिथे सोपो म्हणतात. तो द्या आणि पावती जपून ठेवा. कोणाच्या रोजच्या जागेवर बसू नका. दोन-तीन शुक्रवार आधीपासून थोडा माल घेऊन जात राहा. शेजारच्या बायकांची ओळख झाली की त्याच सांगतात, ‘हांगा बस गे, ती आयज येना.’ एकदम १८ तारखेला भरलेला टेम्पो घेऊन गेलात तर तुम्हाला कोपराही मिळणार नाही.

काय न्यायचं? सगळ्यात आधी नारळ. दोदोल, बेबिंका, नेवऱ्यांचं सारण, चण्याच्या डाळीचं दोस, सगळ्याला नारळ लागतो. नारळ नगावर विकला जातो, म्हणून घरीच तीन ढीग करा: मोठा, मधला, लहान. मिसळून ठेवलेल्या ढिगातून गिऱ्हाईक मोठे निवडून नेतं आणि दुपारी तुमच्यासमोर नुसते लहान उरतात. प्रत्येक नारळ हलवून पाणी वाजतंय ना ते बघा. ‘नाल्ल कशे दिले गे बाय?’ असं विचारत आलेल्या बाईला आधी एक फोडून दाखवा. जाड, पांढरंशुभ्र खोबरं दिसलं की घासाघीस निम्मी होते.

तांदळाचं पीठ दोदोलासाठी जातं. ते सुरय (न उकडलेल्या) तांदळाचं, बारीक, आठवड्याच्या आत दळलेलं असावं. जुनं पीठ कुबट वास मारतं आणि दोदोलासाठी चुलीपाशी तासन्‌तास ढवळत बसणाऱ्या बाईला ते लगेच कळतं. काजूचा हंगाम मार्च ते मे, म्हणून बी वाळवून ठेवायची आणि डिसेंबरच्या सुरुवातीला फोडून गर काढायचे. वेंगुर्ला-७ सारख्या मोठ्या बीच्या जातीचे अख्खे गर वेगळ्या पिशवीत भरा, भेट म्हणून द्यायला तेच लागतात. पण तुकडा टाकाऊ समजून सोबत मिसळू नका. केकमध्ये आणि गोडाधोडात तुकडाच लागतो आणि नाताळात तो आधी संपतो.

गावठी कोंबड्यांचं गणित सांगितलंच पाहिजे. मार्गशीर्ष लागला की आपल्याकडे बऱ्याच घरांत मांसमच्छर बंद किंवा निदान गुरुवारी तरी बंद. म्हणजे इकडे कोंबड्याला मागणी कमी. त्याच आठवड्यांत पलीकडे शाकुतीसाठी (खोबऱ्याच्या मसालेदार रश्शासाठी) गावठी कोंबडा शोधत फिरतात. घोडेमुखाच्या जत्रेला मात्र कोंबड्यांना मोठी मागणी असते, तेव्हा एखादा चांगला थवा असेल तर अर्धा तिथे आणि अर्धा नाताळच्या आठवड्यात, असे दोन वाटे करा. पिल्लं पावसाळ्याच्या आधीच धरायला हवीत, तरच डिसेंबरला कोंबडे भरतात. नेताना पाटीत दाटीवाटीने कोंबू नका, पाणी पाजा, ऊन चढायच्या आत विका. तडफडणाऱ्या मुक्या जीवाला विकून मिळालेला पैसा मला तरी पचत नाही.

नाचणी, पेंढा आणि नक्षत्र

हा भाग मला सगळ्यात जवळचा आहे, कारण यात भांडवल जवळजवळ लागत नाही.

नाताळला ख्रिस्ती घरांत येशूजन्माचा गोठा मांडतात. गोठ्याभोवती हिरवं गवत दिसावं म्हणून ताटलीत नाचणी पेरून ती उगवून घेतात. ती साधारण दहा-बारा दिवसांत छान हिरवी होते. म्हणजे पेरायची नाचणी १० ते १३ डिसेंबरच्या दरम्यान लोकांच्या हातात पडायला हवी; २० तारखेला ती विकायला नेऊन उपयोग नाही. आपल्या वरच्या शेतातली नाचणी निवडून, पाखडून, मूठभर-मूठभर छोट्या कागदी पुड्यांत भरा. पुड्यावर लिहा: रात्रभर भिजवा, मातीवर पसरा, दिवसातून दोनदा पाणी शिंपडा, दोन दिवस झाकून ठेवा. किलोच्या भावाने जेवढे मिळतात त्याच्या कितीतरी पट पुड्यांवर मिळतात, आणि गिऱ्हाईकालाही नेमकं हवं तेवढंच मिळतं. ज्यांना पेरायला वेळ नाही त्यांच्यासाठी करवंट्यांत उगवलेली नाचणी २१-२२ तारखेला बांदा, सावंतवाडीच्या बाजारात न्या. सावंतवाडीत मिलाग्रीस चर्चच्या परिसरात, तसंच मालवण-वेंगुर्ल्याकडे ख्रिस्ती कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. सिंधुदुर्गाचा स्वतःचा ख्रिस्ती धर्मप्रांत २००५ मध्ये झाला. गिऱ्हाईक शोधायला दर वेळी सीमा ओलांडायची गरज नाही.

पेंढ्याचंही तसंच. नुकत्याच झोडलेल्या भाताचा पेंढा डिसेंबरात सोनेरी असतो. तो गोठ्याच्या छपराला आणि आत अंथरायला लागतो. वीतभर लांबीच्या जुड्या बांधा, मातीचा कण राहू देऊ नका. चर्चमधला किंवा वाड्यावरचा मोठा गोठा करणारी पोरं भारा मागतात, त्यांना आधी भेटून ऑर्डर घ्या.

दिवाळीला ज्या आकाशकंदील करतात त्यांनी बांबूच्या काड्या संपवू नयेत. त्याच काड्यांची पाच टोकांची चांदणी होते, गोव्यात तिला नखेत्र म्हणतात. आत दिवा बसेल एवढी पोकळी ठेवा, कागद पातळ पण दव सोसणारा घ्या आणि वायर जाईल अशी फट मागच्या बाजूला. काही घाऊक मागणी आली तर घडी होणारी चांदणी करा, टेम्पोत जागा वाचते.

एक गोष्ट मात्र कृपा करून करू नका. गोठ्याला शोभा म्हणून जंगलातलं शेवाळ खरवडून आणणं आणि किनाऱ्यावरच्या सुरूच्या कोवळ्या झाडांचे शेंडे तोडून नाताळचं झाड म्हणून विकणं. पैसे मिळतात, हे खरं आहे. पण सुरूचं बन वाऱ्याला आणि रेतीला अडवतं म्हणून मागची शेतं टिकतात. छाटणीत निघालेल्या फांद्या मालकाला विचारून घ्या, तेवढ्यावर भागवा.

कागदपत्रं आणि गाडी

खाण्याचा माल विकणाऱ्या गटाकडे अन्नसुरक्षेची नोंदणी हवी. एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक पिशवीवर छापा. सोबत जिन्नसाचं नाव, घटक, वजन, केल्याची तारीख, किती दिवस टिकेल, शाकाहारीची हिरवी खूण आणि गटाचा पत्ता. उमेदच्या (बचत गटांसाठीच्या सरकारी अभियानाच्या) तालुका कार्यालयात अर्ज भरून द्यायला मदत करतात. तिथे नोव्हेंबरमध्ये धावण्यापेक्षा गणपतीनंतर जा. काटा वजनमाप खात्याकडून ठरलेल्या मुदतीत तपासून शिक्का मारून घ्यावा लागतो. गोव्यात कर लागणारा माल मोठ्या प्रमाणात नेत असाल तर जीएसटीबद्दल जाणकाराला विचारूनच न्या, राज्याबाहेरच्या विक्रीचे नियम वेगळे आहेत.

टेम्पो ठरवताना त्याला गोव्यात जायचा परवाना आहे का ते आधी विचारा. नाक्यावर पहाटे अडकून पडलात तर बाजार हातचा जातो. परतीच्या गाडीत कोणी दारूची बाटली ठेवू देऊ नका, मग ती ड्रायव्हरची असो नाहीतर ओळखीच्याची. तपासणीत सापडली तर गटाचं नाव जातं.

पातळ प्लॅस्टिकच्या पिशव्या दोन्हीकडे बंद आहेत. जुन्या साड्यांच्या शिवलेल्या पिशव्या ठेवा, गिऱ्हाईक त्यांचे वेगळे पैसेही आनंदाने देतं.

हिशेब

प्रत्येक जत्रेचा, प्रत्येक बाजाराचा हिशेब त्याच रात्री किंवा दुसऱ्या सकाळी लिहा. माल किती नेला, किती परत आला, जागेचे, गाडीचे, चहाचे किती गेले. रात्र जागलेल्या बायकांची मजुरी आधी काढा, मग उरलेला नफा सगळ्यांत वाटा. पीठ दळून घरी झोपलेल्या आणि दशावतार संपेपर्यंत भजी तळलेल्या दोघींना सारखाच वाटा मिळाला तर पुढच्या वर्षी रात्री यायला कोणी उरत नाही, आणि भजी तळणारीचं तसं न येणं योग्यच आहे. उधारी फक्त एका माणसाला द्या: देवळाच्या पुजाऱ्याला, तीही दुसऱ्या दिवशी मागून घ्या.

नाताळनंतर नारळ उरले तर घाईने पडत्या भावाने विकू नका. २०२६ मध्ये मार्गशीर्षाचे गुरुवार नाताळच्या पुढेही चालू आहेत, ३१ डिसेंबरचा गुरुवार आहेच. त्याच्या आदल्या दिवशी, बुधवारी, कुडाळच्या बाजारात शेंडीचे नारळ, पाच फळं आणि पाच पत्रींच्या जुड्या घेऊन बसा. चांदण्यांचे सांगाडे कागद काढून मांगरात (शेतावरच्या खोपीत) टांगून ठेवा, पुढच्या दिवाळीला कंदिलाच्या कामी येतील.